आकाश निळं, इशारा नारिंगी

उन्हाळ्यात हवेबद्दलचा इशारा आला की बहुतेक लोक आधी वर बघतात. आकाश स्वच्छ असतं, लांबची टेकडी दिसत असते, धुराचा मागमूस नसतो. आणि हातातला फोन सांगत असतो की हवा संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक आहे, दुपारी बाहेर अंगमेहनतीची कामं टाळा. मग वाटतं, कुठेतरी यंत्र बिघडलं असावं, किंवा एखाद्या खात्याने उद्या कुणी बोल लावू नये म्हणून आजच हात झटकून ठेवले असावेत.

असं वाटण्यात लोकांची फारशी चूक नाही. हिवाळ्यातली खराब हवा स्वतःच स्वतःची जाहिरात करते: समोरची इमारत दिसेनाशी होते, घशात जळका वास बसतो. उन्हाळ्यातली खराब हवा तशी नसते. तिच्यातला मुख्य त्रासदायक घटक म्हणजे ओझोन, आणि आपल्या आसपासच्या हवेत तो जितका असतो तितका डोळ्यांना दिसतच नाही. थोडा धूसरपणा असलाच तर तो सोबतच्या सूक्ष्म कणांचा. म्हणजे इथे इशारा हाच आपला डोळा. तो नीट वाचता आला नाही तर दुसरं काही हाताशी नाही.

आणि तो वाचण्यात एक गफलत सगळेच करतात. रंग पाहतात आणि पुढे जातात. माझ्या मते इशाऱ्यातला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग म्हणजे रंग. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं प्रदूषकाचं नाव आणि तो किती वाजता वाढणार आहे, या दोन गोष्टींवर तुमचा दिवस ठरायला हवा. का, ते समजण्यासाठी हा ओझोन येतो कुठून इथपासून सुरुवात करावी लागेल.

नाव धुराचं, काम उन्हाचं

'स्मॉग' हा शब्द १९०५ च्या सुमारास हेन्री दे व्हो या डॉक्टरांनी लंडनच्या हवेसाठी वापरला आणि तो रूढ झाला. धूर आणि धुकं यांच्या इंग्रजी शब्दांची ती सांधेजोड. मराठीत त्याच रीतीने 'धुरकं' झालं, आणि मूळ शब्दापेक्षा ते कानाला बरं वाटतं. पण दोन्ही शब्द हिवाळ्याचे आहेत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस जे बसून राहिलं ते खरं धुरकं: कोळशाचा धूर, गंधकाचे वायू आणि थंड, न हलणारी हवा. त्यात हजारो माणसं मेली. आधीचा अंदाज चार हजारांचा होता, पुढच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला.

उन्हाळी धुरक्यात बहुधा ना धूर असतो ना धुकं. तो प्रकार पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. एके दिवशी शहरात लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला, रस्त्यापलीकडचं दिसेना. शत्रूने वायुहल्ला केला अशी आवई उठली. नंतर संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला. हवा सुधारली नाही.

कोडं सुटलं ते अननसामुळे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा स्वाद नेमका कोणत्या रसायनांनी येतो याचा शोध घेत होते. हवेत तरंगणारी अगदी अल्प प्रमाणातली रसायनं पकडण्याची त्यांची हातोटी शहराच्या हवेसाठी कामी आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की पेट्रोलच्या वाफा आणि धुराड्यातून येणारी नायट्रोजनची ऑक्साइडं एकत्र करून त्यांच्यावर ऊन पडू दिलं की ओझोन तयार होतो. कुठल्याही गाडीच्या नळीतून ओझोन बाहेर पडत नाही. तो रस्त्यावरच्या हवेत, उन्हात शिजतो. तेल उद्योगाला हे पचायला वेळ लागला.

त्या काळात ओझोन मोजण्याची एक पद्धत मला फार आवडते. ताणलेल्या रबराला ओझोन लागला की भेगा पडतात. म्हणून रबराच्या पट्ट्या वाकवून हवेत ठेवायच्या आणि पहिली भेग किती मिनिटांत पडते ते पाहायचं. शहरातल्या गाड्यांचे टायर लवकर का फुटतात याचंही उत्तर त्यातच होतं. फुप्फुस रबराचं नसतं, पण जो वायू टायरला चिरा पाडतो तो श्वासनळीच्या ओल्या, नाजूक अस्तराला काय करत असेल याची कल्पना यायला ही पट्टी पुरेशी आहे.

हवेतला जमाखर्च

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, कारण इशाऱ्यातल्या सगळ्या विचित्र गोष्टींचं उत्तर इथेच आहे.

वाहनं, वीजनिर्मिती केंद्रं, भट्ट्या, जिथे जिथे जास्त तापमानावर काही जळतं तिथे नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. त्यातल्या नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो. हा एकटा अणू हवेतल्या नेहमीच्या दोन अणूंच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन होतो. मागे उरतो नायट्रिक ऑक्साइड. तो लगेच तयार झालेल्या ओझोनवरच डल्ला मारतो, त्याचा एक अणू काढून घेतो आणि पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. जितकी जमा तितका खर्च. एवढंच घडत असतं तर ओझोन फारसा साठलाच नसता.

पण हवेत तिसरा गडी असतो. इंधनाच्या वाफा, रंग, सॉल्व्हंट, कारखान्यांतून निसटणारे वायू, अशी सहज उडून जाणारी कार्बनयुक्त रसायनं. उन्हात यांचे तुकडे होतात आणि ते तुकडे नायट्रिक ऑक्साइडला परस्पर ऑक्सिजन पुरवतात. म्हणजे नायट्रिक ऑक्साइडची गरज भागते आणि ओझोनला हात लागत नाही. खर्च थांबला, जमा चालूच. दुपार होईतो शिल्लक वाढत जाते.

यातून चार गोष्टी आपोआप निघतात.

पहिली, वेळ. या सगळ्याला ऊन लागतं, तेही तासन्‌तास. त्यामुळे ओझोन पहाटे सर्वांत कमी असतो, सकाळच्या गर्दीनंतर चढू लागतो आणि भर दुपारपासून संध्याकाळच्या सुरुवातीपर्यंत कळसाला असतो. सूर्य कलला की उतरतो.

दुसरी, जागा. गर्दीच्या रस्त्याच्या अगदी कडेला नायट्रिक ऑक्साइड इतका ताजा आणि मुबलक असतो की तो ओझोन खाऊन टाकतो. मग वाऱ्याबरोबर ही हवा शहराबाहेर जाते, वाटेत शिजत राहते, आणि जिथे वाहतूक तुरळक, झाडी भरपूर अशा उपनगरात किंवा खेड्यात ओझोन शहराच्या मध्यापेक्षा जास्त भरतो. हवा बदलायला म्हणून गावाबाहेर गेलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो चिडतो. रस्त्याकडेची हवा चांगली असते असा मात्र याचा अर्थ नाही. तिथे बाकीचे वायू आणि कण असतातच.

तिसरी गोष्ट सगळ्यात चक्रावणारी. वाहतूक अचानक कमी झाली की शहरात ओझोन कधीकधी वाढतो. खाणारा कमी झाला ना! २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला आणि ओझोन मात्र थोडा चढला. सुट्टीच्या दिवशी काही शहरांत हेच दिसतं. 'गाड्या बंद केल्या तरी उपयोग नाही' असा निष्कर्ष यातून काही जण उत्साहाने काढतात. तो चुकीचा आहे. कच्चा माल दीर्घकाळ आणि मोठ्या प्रदेशात कमी केला की ओझोन खाली येतो. लॉस एंजेलिसमध्ये दशकांच्या प्रयत्नांनी तेच झालं. एका दिवसाची बंदी म्हणजे उकळत्या भांड्याखालची आच एका बाजूने कमी करण्यासारखं.

चौथी, झाडं. ओक, पॉप्लर, निलगिरी अशी काही झाडं उष्णतेत आयसोप्रीनसारखी रसायनं सोडतात आणि तीही या जमाखर्चात तिसऱ्या गड्याची भूमिका करतात. झाडांना दोष देण्यात अर्थ नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आपली नसती तर त्यांच्या वाफांनी एवढा ओझोन झाला नसता.

आणि हो, वातावरणाच्या वरच्या थरातला, आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवणारा ओझोन तो हाच वायू. पृथ्वीवरचा सुमारे नव्वद टक्के ओझोन तिथे वर आहे. तिथे हवाच, नाकाजवळ नको.

छातीत काय होतं

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. जे वायू सहज विरघळतात ते नाकातल्या, घशातल्या ओलाव्यातच बरेचसे अडकतात. ओझोनही नाकात थोडा अडतो, पण बराचसा खोल, बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. तिथल्या पातळ ओल्या थराशी त्याची रासायनिक झटापट होते आणि सूज येते. माणसाला जाणवतं ते असं: खोल श्वास घेताना छातीत दुखल्यासारखं किंवा आवळल्यासारखं, कोरडा खोकला, घशात खवखव. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका परागकण, धूळ यांना अधिक चटकन चिडतात, म्हणून त्रास कधीकधी दुसऱ्या दिवशी उफाळतो आणि त्याचा संबंध कालच्या हवेशी आहे हे लक्षातही येत नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे सवय. सलग काही दिवस ओझोन चढा राहिला तर खोकला आणि छातीतलं दुखणं कमी होत जातं. शरीराने जमवून घेतलं असं वाटतं. प्रत्यक्षात आतली सूज चालूच असते. कमी झालेली असते ती कुरकुर. चौथ्या दिवशी 'आता काही होत नाही' असं वाटलं तर त्या वाटण्यावर भिस्त ठेवू नका.

कुणाला किती बाधेल हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: हवेत ओझोन किती, तुम्ही किती वेळ बाहेर, आणि श्वास किती जोरात. तिसरी गोष्ट लोक विसरतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. जोरात धावणारा ६० लिटर किंवा त्याहून जास्त, आणि तोंडाने, म्हणजे नाकातली थोडीशी गाळणीही चुकवून. त्याच झाडाखाली अर्धा तास बसलेले आजोबा आणि अर्धा तास धावलेला त्यांचा नातू यांत नातवाच्या फुप्फुसात कितीतरी जास्त ओझोन गेलेला असतो. म्हणूनच इशाऱ्यात 'संवेदनशील' म्हणून दमेकरी, हृदयरोगी आणि वृद्धांबरोबर मुलं आणि बाहेर अंगमेहनत करणारी धडधाकट माणसंही मोजली जातात. मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात आणि नेमकी दुपारी संध्याकाळी मैदानावर असतात.

आकडा कशाचा?

आता इशाऱ्याच्या मजकुराकडे. मोजमापाची एककं दोन: एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ओझोन, किंवा अब्ज भाग हवेत किती भाग. ओझोनपुरतं लक्षात ठेवायचं तर अब्जात १ भाग म्हणजे साधारण २ मायक्रोग्रॅम.

युरोपीय संघात दोन पायऱ्या आहेत. तासाची सरासरी १८० मायक्रोग्रॅमवर गेली की लोकांना माहिती द्यायची, २४० वर गेली की धोक्याचा इशारा. १९९२ च्या जुन्या नियमात ही वरची पायरी ३६० ला होती. २००२ मध्ये ती खाली आणली. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीवर भर आहे आणि मर्यादा अब्जात ७० भाग. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आठ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे ५० भाग. आणि लॉस एंजेलिसने १९५५ मध्ये इशाऱ्यांची पद्धत सुरू केली तेव्हा पहिल्या पायरीचा इशारा कितीला होता? अब्जात ५०० भागांना. तेव्हाचा आकडा क्षणिक उच्चांकाचा आणि आजचा आठ तासांच्या सरासरीचा, त्यामुळे सरळ तुलना होत नाही, तरी अंतर बोलकं आहे. इशारा नाही याचा अर्थ हवा निर्दोष आहे असा होत नाही. जिथे रेघ ओढली ती ओलांडली गेलेली नाही, इतकाच.

सर्वसामान्य वाचकापर्यंत हे आकडे थेट येत नाहीत. त्यांचा निर्देशांक केला जातो, आणि इथे खरा गोंधळ आहे. प्रत्येक प्रदूषकाला वेगळे गुण दिले जातात आणि ज्याचे गुण सर्वांत जास्त, तोच त्या दिवसाचा निर्देशांक. बेरीज नाही, सरासरी नाही. अमेरिकेची पद्धत अशी आहे, आणि भारताचीही, जिच्यात आठ प्रदूषक आहेत. म्हणून निर्देशांक १४० आहे एवढ्यावरून तो ओझोनचा की सूक्ष्म कणांचा हे कळत नाही, आणि दोन प्रदूषक एकाच दिवशी वाढले असतील तर तेही त्यात दिसत नाही. कॅनडाने वेगळा मार्ग घेतला: ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण यांचा आरोग्यावरचा एकत्रित परिणाम धरून १ ते १० आणि त्यापुढे अशी मोजपट्टी. मला ती अधिक प्रामाणिक वाटते.

शिवाय देशोदेशीच्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या पद्धतीत १०१ ते १५० म्हणजे नारिंगी, संवेदनशील गटांसाठी अपायकारक. भारताच्या पद्धतीत १०१ ते २०० म्हणजे 'मध्यम'. ब्रिटनची पट्टी मुळात १ ते १० ची. पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे १०० गुण भारतात ६० मायक्रोग्रॅमला होतात, अमेरिकेत साधारण ३५ ला. फोनमधली दोन अॅप एकाच जागेसाठी दोन आकडे दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा हवेची नव्हे, पट्टीची गडबड असते. आपलं अॅप कोणत्या देशाची पट्टी लावतं ते एकदा सेटिंगमध्ये बघून ठेवा, पुढचे वाद वाचतील.

आठ तासांच्या सरासरीची एक गोम आहे. ओझोन दुपारी एक वाजता झपाट्याने चढत असतो तेव्हा त्या सरासरीत सकाळचे स्वच्छ तासही मोजलेले असतात, म्हणून आकडा मागे राहतो. संध्याकाळी उलट: हवा सुधारलेली असते आणि आकडा अजून दुपारच्या ओझ्याखाली असतो. काही यंत्रणा ताज्या तासांना जास्त वजन देऊन ही ढिलाई कमी करतात. तरीही, तासाचं मोजमाप मिळत असेल तर ते आधी पाहावं.

इशारा बहुधा आदल्या दिवशीच्या अंदाजावर दिला जातो. युरोपात कोपर्निकस ही युरोपीय संघाची हवा-निरीक्षण सेवा रोज चार दिवसांपर्यंतचा अंदाज देते. त्यात हवामान, वारा, उत्सर्जनाच्या नोंदी आणि रसायनशास्त्र सगळं घातलेलं असतं, आणि दुपारी अनपेक्षित ढग आले की सगळं मुसळ केरात. ओझोनच्या बाबतीत ढग म्हणजे आचेवर झाकण. असा इशारा फुकट गेला की लोक हसतात. पण न देता ओझोन चढला तर जे होईल त्याच्या मानाने हे हसू स्वस्त आहे.

मग करायचं काय

इथे प्रदूषकाचं नाव कामाला येतं, कारण उपाय त्यावर उलटसुलट होतात.

इशारा ओझोनचा असेल तर मास्कचा उपयोग नाही. धुळीसाठीचा कितीही चांगला मास्क वायू अडवत नाही. कण गाळणारं हवाशुद्धीकरण यंत्रही ओझोनला हात लावत नाही. त्यात कोळशाची जाळी असेल तर थोडाफार ओझोन धरला जातो. 'ओझोनने हवा शुद्ध करतो' असं सांगणारी यंत्रं मात्र घरात आणूच नयेत. बाहेर ज्याची धास्ती, तो विकत घेऊन घरात सोडायचा, याला काय म्हणावं?

उपयोगी पडतं ते छप्पर आणि घड्याळ. ओझोन भिंती, पडदे, फर्निचर, अगदी माणसाच्या त्वचेला लागूनही नष्ट होतो, त्यामुळे खिडक्या बंद असलेल्या घरात तो बाहेरच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. धावायचं, सायकल मारायची, मुलांचा सराव घ्यायचा तर सकाळी. दुपारी जायलाच हवं तर जा, पण गती कमी ठेवा. मघाशी पाहिलेल्या गुणाकारात श्वासाचा आकडा आपल्या हातात असतो. दमा असेल तर डॉक्टरांनी दिलेला इनहेलर खिशात ठेवा आणि नेहमीचं औषध त्या दिवशी चुकवू नका. छातीत दुखणं किंवा धाप थांबत नसेल तर हवा सुधारण्याची वाट न बघता डॉक्टरांकडे.

आता अडचण. ज्या दिवशी ओझोन चढतो तो दिवस बहुधा कडक उन्हाचा असतो. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आणि ओझोन हातात हात घालून आले. 'खिडक्या बंद ठेवा' हा सल्ला थंडाव्याची सोय असलेल्याला ठीक. पत्र्याखाली किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर पंख्यावर राहणाऱ्याला तो घातक ठरू शकतो. दोन्हीत निवड करायची वेळ आली तर उष्णतेला आधी टाळा, ती तासाभरात माणूस पाडते. अंग गार ठेवा, पाणी प्या, खिडकी उघडावी लागली तर उघडा आणि स्वस्थ बसा. हे इशाऱ्यांच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेलं क्वचित दिसतं, आणि ती उणीव मला गंभीर वाटते. तशीच दुसरी: 'दुपारी बाहेर पडू नका' हे रस्त्यावर खणणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, वस्तू पोहोचवणाऱ्या माणसाला सांगून उपयोग काय? त्याचे तास तो ठरवत नाही. तो इशारा त्याच्या मुकादमाला उद्देशून हवा.

इशारा सूक्ष्म कणांचा असेल तर वरचं बरंचसं उलटं होतं. उन्हाळ्यात कण बऱ्याचदा येतात ते वणव्यांच्या धुरातून. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर खाली सरकला आणि न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. अशा वेळी चेहऱ्याला घट्ट बसणारा चांगला मास्क आणि कण गाळणारं यंत्र दोन्ही खरोखर कामाला येतात. पण सकाळ दुपारचं वेळापत्रक चालत नाही; धूर वाऱ्याबरोबर मध्यरात्रीही येतो. शिवाय त्या धुरात ओझोनचा कच्चा मालही असतो, त्यामुळे दोन्ही एकदम वाढू शकतात.

इशारा लोक ऐकतात का

पहिल्या दिवशी, हो. दक्षिण कॅलिफोर्नियात झालेल्या एका अभ्यासात धुरक्याचा इशारा असलेल्या दिवशी लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात लोक कमी आले. सलग दुसऱ्या दिवशीही इशारा असेल तर मात्र परिणाम बराच ओसरला. मुलांना किती दिवस घरात कोंडणार? टोरांटोत दहा वर्षांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की इशारा दिलेल्या दिवशी दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या सुमारे चतुर्थांशाने घटली, पण बाकीच्या बहुतेक आजारांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. दमेकऱ्यांनी ऐकलं, कारण आपल्याला काय होतं ते त्यांना ठाऊक असतं.

माणसांना घरात बसवण्याऐवजी त्या दिवशी उत्सर्जनच कमी करण्याचे प्रयोगही होतात. फ्रान्समध्ये प्रदूषण चढलं की वेगमर्यादा ताशी २० किलोमीटरने खाली आणतात. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या वाडग्यात वसलेली. तिथे ओझोन ठरावीक पातळीवर गेला की जास्त गाड्या रस्त्याबाहेर ठेवल्या जातात. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये वाहतूक आवरली, ओझोनचा उच्चांक चौथ्या हिश्श्याहून जास्त घटला, मुलांच्या दम्याचे झटके कमी झाले, आणि हे उदाहरण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतर नीट पाहिलं तर त्याच दिवसांत आसपासच्या मोठ्या प्रदेशातही ओझोन उतरला होता. श्रेयाचा मोठा वाटा हवामानाचा निघाला.

सलग तिसऱ्या दिवशी नारिंगी इशारा आला आणि घरातली मुलं दाराशी चुळबुळत असली तर त्यांना दिवसभर कोंडायची गरज नाही. इशारा ओझोनचा आहे ना, ते नाव वाचा. मग तासाचं मोजमाप उघडा. सूर्य कलल्यावर आकडा उतरू लागला की चेंडू घेऊन जाऊ द्या, आणि रात्री निजताना खिडक्या उघड्या टाका.